कोणाची कोणती अडचण? प्रॉडक्ट मॅनेजरने धोरण कसे आखावे आणि संघ कसा चालवावा

पुण्यातील एखाद्या मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजरचे पद बहुतेकदा अचानकच हाती येते. कालपर्यंत जो सिनिअर डेव्हलपर होता किंवा ग्राहकाच्या गरजा लिहून घेणारा बिझनेस अ‍ॅनालिस्ट होता, त्याला एका सोमवारी सांगितले जाते की यापुढे हे उत्पादन तुमच्याकडे. सोबत एक्सेलची एक शीट येते. तिच्यात सेल्सच्या मागण्या, जुने बग, मालकांना प्रवासात सुचलेल्या कल्पना आणि दोन वर्षांपूर्वी कोणीतरी ‘तातडीचे’ म्हणून नोंदवून ठेवलेली कामे अशी सगळी सरमिसळ असते. नवा माणूस प्रामाणिकपणे त्या शीटला प्राधान्यक्रम लावतो, वरून खाली काम सुरू करतो, आणि सहा महिन्यांनी त्याच्या लक्षात येते की शीट होती तेवढीच लांब आहे आणि उत्पादन नेमके कोणासाठी आहे, हे मात्र पूर्वीपेक्षा अधिक धूसर झाले आहे.

पुढील मार्गदर्शन अशा माणसासाठी आहे. कोणाची कोणती अडचण आपण या वर्षी सोडवणार आणि त्यासाठी काय सोडून देणार, हे इतके स्पष्ट लिहिलेले असावे की गुरुवारी संध्याकाळी एखाद्या डेव्हलपरपुढे दोन पर्याय उभे राहिले, तर त्याला आपल्याला फोन न करता त्यातील योग्य तो निवडता यावा. अशा लिखाणाला मी धोरण म्हणतो, आणि असे निर्णय संघाकडून आपोआप होऊ लागणे याला नेतृत्व.

आपल्याकडे हे अवघड जाण्यामागे एक कारण आहे. आपला बहुतांश आयटी उद्योग सेवा पुरवत वाढला; परदेशातील ग्राहकाने गरज लिहून द्यायची आणि आपण ती वेळेत पुरी करायची, ही त्याची रीत होती आणि त्या कामात ती योग्यही होती. तिथे प्रत्येक मागणी म्हणजे उत्पन्न असते. स्वतःच्या उत्पादनात मात्र मान्य केलेली प्रत्येक मागणी कायमचा खर्च होऊन बसते, कारण ते फीचर पुढे दर रिलीजला तपासावे लागते, नव्या ग्राहकाला समजावून सांगावे लागते आणि त्याभोवती पुढचा कोड लिहावा लागतो. हा हिशेब अंगवळणी पडायला मला स्वतःला दोन वर्षे लागली.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक कल्पित संघ समोर ठेवू. हा संघ गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. उत्पादक शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध आणतो, त्याचे वजन होते, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले उरलेले घन पदार्थ) तपासले जाते, दरपत्रकानुसार रक्कम ठरते, पावती निघते आणि दर दहा दिवसांनी बिल होते. संघात आठ-नऊ माणसे आहेत आणि शीटमध्ये अर्थातच शंभरावर मागण्या आहेत.

आधी केंद्रावर जाऊन उभे राहावे

धोरणाची सुरुवात कार्यालयातील पांढऱ्या फळ्यावर करू नये. या संघाच्या प्रॉडक्ट मॅनेजरने पहाटे निघून सहाच्या सुमारास एखाद्या केंद्रावर पोहोचावे आणि संकलन संपेपर्यंत कोपऱ्यात उभे राहून केवळ पाहावे. किटल्यांची रांग लागलेली असते, केंद्र चालवणाऱ्या दूध संस्थेचा सचिव एका हाताने नमुना घेत असतो आणि दुसऱ्या हाताने उत्पादकाचा कोड नंबर टाकत असतो. मध्येच लाइट जाते. तेव्हा तो संगणकाकडे पाहतही नाही. खणातून वही काढतो, आकडे पेनाने लिहितो आणि रांग थांबू देत नाही. वहीतील ते आकडे दुपारी कधीतरी संगणकात भरले जातात. पावती हाती पडल्यावर उत्पादक लिटरकडे क्वचितच पाहतो, त्याची नजर थेट फॅटच्या आकड्यावर जाते. कालपेक्षा फॅट कमी लागली असेल तर तिथेच बोलाचाली होते, आणि त्या वेळी मागच्या रांगेतील सगळे कान देऊन ऐकत असतात.

एवढ्या दोन तासांत जे कळते ते महिनाभराच्या बैठकांत कळत नाही. सॉफ्टवेअरचे पैसे संस्था देते, ते हाताळतो सचिव, आणि ते टिकणार की नाही हे मात्र पावतीवर उत्पादकाचा विश्वास बसतो की नाही यावर ठरते. दूध उचलणारी डेअरी हा आणखी चौथा पक्ष. यांपैकी ‘ग्राहक’ कोण, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक फीचरगणिक बदलते, म्हणून नुसते ‘ग्राहकाला हवे आहे’ असे वाक्य संघात कोणी उच्चारले तर कोणत्या ग्राहकाला, हे लगेच विचारण्याची सवय लावावी.

प्रश्न कसे विचारावेत यावर थोडे अधिक लिहितो, कारण येथे बहुतेक जण फसतात. ‘मोबाइलवर बिल दिसले तर आवडेल का?’ असे विचारले तर आपल्याकडे चहा पाजलेल्या पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. ‘हो, बरं होईल की,’ असे उत्तर मिळते आणि आपण ते मागणी म्हणून शीटमध्ये टाकतो. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टीविषयी विचारावे. मागच्या बिलाच्या वेळी कोणाची तक्रार आली? ती कशी मिटवली? त्यात किती वेळ गेला? ती वही दाखवता का? संगणकाशेजारी ठेवलेली वही ही आपली खरी प्रतिस्पर्धी असते, आणि ती वही अजून का लागते हे ज्याला समजले, त्याला अर्धे धोरण सापडले असे समजावे.

भेटीला एकट्याने जाऊ नये. एक डेव्हलपर किंवा टेस्टर सोबत न्यावा. एकाने बोलावे, दुसऱ्याने लिहावे आणि परतताना गाडीतच दोघांनी आपापल्या नोंदी ताडून पाहाव्यात. पाचव्या-सहाव्या केंद्रावर तीच अडचण वेगळ्या शब्दांत ऐकू येऊ लागली की भेटी तूर्त पुरेशा झाल्या. मात्र सगळी केंद्रे एकाच तालुक्यातील नसावीत, आणि त्यांत आपले सॉफ्टवेअर वापरून सोडून दिलेले एक केंद्र अवश्य असावे. तिथे जायला मन कचरते, हे खरे.

धोरण एका पानावर लिहावे

आता लिहायला बसावे. पान एकच असावे आणि वाक्ये पूर्ण असावीत. स्लाइडवरील तुटक मुद्द्यांत कार्यकारणभाव लपून जातो, आणि तोच तर संघाला हवा असतो. अ‍ॅमेझॉनने २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकले आणि त्याऐवजी सहा पानांपर्यंतचे सलग टिपण बैठकीच्या सुरुवातीला सर्वांनी शांतपणे वाचायचे अशी पद्धत घातली, ती याच कारणाने. आपल्याला सहा पानांची गरज नाही, परंतु ‘म्हणून’ आणि ‘कारण’ हे शब्द असलेली वाक्ये मात्र हवीत.

पानावर सर्वांत आधी निदान यावे. आपल्या कल्पित संघाचे निदान असे असू शकेल: उत्पादकाचा बिलावर विश्वास नाही, कारण पावतीवरील फॅट आणि दहा दिवसांच्या बिलातील फॅट कधी कधी जुळत नाही; ही तफावत मुख्यतः लाइट नसताना वहीत लिहिलेले आकडे नंतर हाताने भरताना येते; आणि ती मिटवण्यात सचिवाचा दर बिलामागे जवळजवळ एक दिवस जातो. या निदानात आपल्या सॉफ्टवेअरचे कौतुक नाही आणि कोणत्याही फीचरचे नावही नाही, हे लक्षात घ्यावे. निदानातच उपाय घुसला असेल तर पान पुन्हा लिहावे.

त्यानंतर निवड. ‘या वर्षी तपासणी यंत्रावरील आकडा माणसाचा हात न लागता थेट बिलापर्यंत पोहोचेल, वीज आणि इंटरनेट नसतानाही,’ हे एक वाक्य पुरेसे आहे, कारण त्यातून पुढचे अनेक निर्णय आपोआप निघतात. माहिती आधी केंद्रावरच साठवावी लागेल आणि संपर्क आल्यावर वर पाठवावी लागेल. बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त उपकरणाचा विचार करावा लागेल. दुरुस्ती करायची वेळ आलीच तर जुना आकडा पुसला न जाता नव्यासोबत कारणासह दिसला पाहिजे. रंगीत आलेख असलेला डॅशबोर्ड मात्र या वर्षी बसत नाही.

निवड खरी आहे की केवळ गोड बोलणे आहे, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. तिच्या उलट वाक्य लिहून पाहावे आणि एखादा शहाणा माणूस ते निवडू शकेल का, हे तपासावे. ‘आम्ही उत्तम दर्जाचे आणि वापरायला सोपे सॉफ्टवेअर देऊ,’ याच्या उलट कोणीही निवडणार नाही, म्हणून ते धोरण नव्हे. ‘सर्व आकडे क्लाउडवरच राहतील आणि केंद्रावर काहीही साठणार नाही,’ हे मात्र एखादी कंपनी पूर्ण विचारांती ठरवू शकते, म्हणजे आपली निवड ही खरोखरच निवड आहे.

याचे मोठे उदाहरण आपल्या सर्वांच्या खिशात आहे. तत्काळ पैसे पाठवण्याची आयएमपीएस ही सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१० मध्येच सुरू केली होती, म्हणजे वेग ही अडचण उरलेली नव्हती. तरीही पैसे पाठवताना समोरच्याचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड तरी मागावा लागे, किंवा मोबाइल क्रमांकासोबत बँकेने दिलेला आणखी एक सात अंकी क्रमांक. आणि वॉलेटमधील पैसे त्याच कंपनीच्या वॉलेटपुरते अडकून राहत. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयची घोषणा झाली तेव्हा त्यातील निवड नेमकी या दुखण्यावर होती: लक्षात राहील असा छोटा पत्ता, एक पिन, आणि कोणत्याही अ‍ॅपमधून कोणत्याही बँकेत. पैसा बँकेतच राहिला आणि ग्राहकासमोरचा चेहरा बँकांच्या व इतर कंपन्यांच्या अ‍ॅपकडे गेला. या दुसऱ्या निवडीची किंमतही पुढे मोजावी लागली. बहुतांश व्यवहार मोजक्या अ‍ॅपमधून होऊ लागले, एका अ‍ॅपमधून एकूण व्यवहारांच्या ३० टक्क्यांहून अधिक होऊ नयेत अशी मर्यादा नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर करावी लागली आणि तिची मुदत त्यानंतर वारंवार वाढवावी लागली. निवडीला किंमत असतेच. पानावर ती आपण होऊन लिहावी, म्हणजे दोन वर्षांनी कोणी ती चूक म्हणून दाखवणार नाही.

नकारांची नोंद

पानाच्या तळाशी आपण काय करणार नाही याची यादी कारण आणि तारखेसह ठेवावी. पशुखाद्याची ऑनलाइन विक्री, उत्पादकांसाठी कर्ज, हवामानाच्या बातम्या. यांपैकी प्रत्येक कल्पना स्वतंत्रपणे पाहता चांगली आहे आणि म्हणूनच धोक्याची आहे. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स अ‍ॅपलमध्ये परतले तेव्हा त्यांनी उत्पादनांचा पसारा चार चौकटींत बसवला: सामान्य ग्राहक आणि व्यावसायिक, टेबलावरचा संगणक आणि सोबत नेण्याचा. या चौकटींत न बसणारी कामे बंद झाली आणि त्यांत न्यूटन या हातात धरायच्या छोट्या संगणकासारखे स्वतःचे चाहते असलेले उपकरणही गेले.

आपली वेळ येते तेव्हा समोर न्यूटन नसतो, सेल्सचा प्रमुख असतो. त्याच्याकडे चाळीस केंद्रांचा एक मोठा दूध संघ आलेला असतो आणि त्या दूध संघाला स्वतःच्या नमुन्यातले बिल, स्वतःच्या कपातीचे रकाने आणि अध्यक्षांच्या छायाचित्रासह पावती हवी असते. येथे थेट ‘नाही’ म्हटल्याने केवळ वैर येते. आधी मागणीच्या मागची अडचण विचारावी. कपातीचे रकाने खरोखर वेगळे आहेत, की उचल आणि पशुखाद्य यांचा हिशेब आजच्या बिलात एकत्र दिसतो म्हणून भांडणे होतात? दुसरे उत्तर असेल तर ती सर्वांचीच अडचण आहे आणि ती आपल्या निदानात बसते. उरलेल्या मागण्यांसाठी पान समोर ठेवून विचारावे की हे घ्यायचे तर यातले काय सोडायचे. निर्णय कंपनीचे मालक घेणार असतील तर तो त्यांनी घ्यावा, परंतु सोडलेल्या कामाचे नाव त्याच दिवशी लेखी नोंदले जावे. मी पाहिलेल्या एका कंपनीत अशी नोंद ठेवली जात नसे. वर्षाच्या शेवटी मुख्य काम का झाले नाही, याचा जाब मात्र संघाला विचारला जाई.

दर तीन महिन्यांनी ही नकारांची यादी पुन्हा वाचावी. काही कारणे शिळी झालेली असतात, आणि ती तशी झाल्याचे मान्य करण्यात कमीपणा नाही.

काय मोजावे

मोजमाप निदानाला चिकटलेले असावे. किती केंद्रांवर सॉफ्टवेअर बसवले, हा आकडा सेल्ससाठी ठीक आहे, पण आपले धोरण फळते आहे का हे त्यातून कळत नाही. ‘दर बिलामागे हाताने दुरुस्त केलेल्या नोंदी’ हा आकडा ते सांगतो. त्यालाही एक पहारेकरी आकडा जोडावा, कारण दुरुस्तीची सोयच लपवून ठेवली तर दुरुस्त्या कमी होतील आणि वही मात्र पुन्हा खणातून बाहेर येईल. म्हणून ‘यंत्राकडून थेट आलेल्या नोंदींचे एकूण दुधाशी प्रमाण’ हेही शेजारी पाहावे.

अपयशाची फोड करणे हे मोजमापातील सर्वांत उपयोगी काम आहे आणि ते फार कमी जण करतात. यूपीआयच्या फसलेल्या व्यवहारांचे आकडे दोन भागांत प्रसिद्ध होतात. चुकीचा पिन, अपुरी शिल्लक, मर्यादा ओलांडणे अशा वापरणाऱ्याच्या बाजूच्या कारणांना ‘बिझनेस डिक्लाइन’ म्हणतात आणि बँकेची किंवा जाळ्याची यंत्रणा कोलमडल्याने फसलेल्यांना ‘टेक्निकल डिक्लाइन’. दोन्ही एकाच टक्केवारीत मिसळले असते तर कोणती बँक आपल्या यंत्रणेवर खर्च करत नाही, हे कधीच दिसले नसते. आपल्या संघानेही हाताने झालेल्या दुरुस्त्या अशाच वेगळ्या कराव्यात: लाइट गेल्याने, कोड नंबर चुकल्याने, यंत्राची वायर सैल झाल्याने, की उत्पादकाने भांडून आकडा बदलून घेतल्याने. शेवटच्या कारणावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही, आणि हे संघाला लवकर कळलेले बरे.

रोडमॅप

रोडमॅप म्हणजे पुढील कामांचा आराखडा; त्यावर फार वेळ घालवू नये. आता हाती असलेले, त्यानंतरचे आणि पुढे कधीतरी, अशा तीन रकान्यांत काम भागते. पहिल्या रकान्यात काम नेमके लिहावे, तिसऱ्यात फक्त अडचणीचे नाव. तारीख तिथेच द्यावी जिथे ती बाहेरून ठरते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा बिल काढणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरची तारीख सरकारने ठरवली होती आणि तिथे चर्चेला जागा नव्हती. तशा तारखा वेगळ्या रंगाने दाखवाव्यात. बाकी ठिकाणी डेमोच्या हौसेपोटी दिलेली तारीख शेवटी टेस्टरच्या शनिवार-रविवारातून वसूल होते.

संघ: अडचण सोपवावी, उत्तर नव्हे

प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली सहसा कोणी नसते. डेव्हलपरची पगारवाढ इंजिनिअरिंग मॅनेजर ठरवतो, डिझायनर दुसऱ्या विभागाचा असतो आणि सपोर्टची माणसे तिसऱ्याच मजल्यावर बसतात. त्यामुळे हुकूम देण्याचा मार्ग मुळातच बंद असतो, आणि माझ्या मते ते भल्याचेच आहे. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला पटवून देण्याची सवय लागत नाही.

इंजिनिअरिंग लीड आणि डिझायनर यांच्यासह तिघांनी आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी, तासभर बसावे आणि पानावरील निदानाशी संबंधित एकच प्रश्न घ्यावा. तिघांचे मतभेद येथेच व्हावेत. ते स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या पुढच्या छोट्या टप्प्याच्या, नियोजनात सर्वांसमोर फुटले तर संघ बाजू घेऊ लागतो. मतभेद मिटला नाही तर निर्णय कोणाचा, हेही आधी ठरवून ठेवावे. कोणती अडचण घ्यायची हे प्रॉडक्ट मॅनेजरने ठरवावे, ती कशी बांधायची आणि किती वेळ लागेल हे लीडने. स्वतः डेव्हलपर राहिलेल्या प्रॉडक्ट मॅनेजरला ही सीमा पाळणे सर्वांत कठीण जाते. मीही आरंभी ‘हे तर दोन दिवसांचे काम आहे’ असे म्हणत असे, आणि ते वाक्य संघ बराच काळ विसरला नाही.

काम सोपवताना टिकेटमध्ये, म्हणजे त्या कामाच्या नोंदीत, तयार स्क्रीनचे वर्णन टाकण्यापेक्षा प्रसंग लिहावा. ‘सकाळी पावणेसातला लाइट गेली, रांगेत तीस उत्पादक आहेत, सचिवाचे हात ओले आहेत आणि पावती निघाली नाही तर पुढचा माणूस जागचा हलणार नाही.’ एवढे लिहिले की डेव्हलपर स्वतःच विचारतो, कोड नंबर टाकण्याऐवजी कार्ड टेकवले तर? छोट्या स्क्रीनऐवजी आकडा मोठ्याने बोलून दाखवला तर? भाजीवाल्यांच्या गाड्यांवरचा साउंडबॉक्स अशाच प्रसंगाचे उत्तर आहे. पैसे जमा झाल्याचा संदेश मोबाइलवर येतच होता. पण तराजू हातात असताना तो पाहायला दुकानदाराला उसंत नव्हती, आणि गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. सिमकार्ड घातलेला, रक्कम मराठीत मोठ्याने सांगणारा डबा त्यावर उपाय ठरला. ‘सूचना अधिक ठळक करा’ अशा टिकेटमधून तो सुचला नसता.

आपल्या संघांतील ‘हो सर’ ही सवय मोडावी लागते, आणि ती उपदेशाने मोडत नाही. बैठकीत सर्वांत आधी सर्वांत कनिष्ठ व्यक्तीचे मत विचारावे आणि स्वतःचे सर्वांत शेवटी सांगावे. निर्णयापूर्वी प्रत्येकाने दोन ओळी लिहून द्याव्यात, कारण समोरासमोर विरोध न करणारी माणसे कागदावर तो करतात. कोणाच्या आक्षेपामुळे निर्णय बदलला तर ते त्या व्यक्तीचे नाव घेऊन सांगावे. टेस्टरकडे विशेष लक्ष द्यावे. उत्पादन कुठे ठिसूळ आहे हे त्याला सर्वांत चांगले माहीत असते आणि त्याला विचारले जाते सर्वांत शेवटी.

जुन्या कोडच्या डागडुजीसाठी वेळ मागणाऱ्या लीडला टाळू नये. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढवला आणि एक राहून गेला. त्यावर वर्षानुवर्षे पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि सुमारे पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. डागडुजीचे काम पानावरील निवडीच्या भाषेत मांडायला लीडला मदत करावी. ‘डेटाबेस बदलायचा आहे’ हे मालकांना पटत नाही. ‘सध्याच्या रचनेत लाइट गेल्यावर शेवटची नोंद हरवू शकते’ हे पटते, आणि तेच खरे कारणही असते.

चूक झाली तर कोणी केली यापेक्षा यंत्रणेने ती होऊ कशी दिली, हे आधी विचारावे. एखाद्या केंद्राचे पूर्ण बिल चुकले तर पहिला फोन सचिवाला प्रॉडक्ट मॅनेजरने करावा. तो फोन डेव्हलपरच्या गळ्यात घालणाऱ्याला पुढे संघाकडून खरी बातमी वेळेवर मिळत नाही.

बाहेर सोडणे आणि मागे घेणे

नवी गोष्ट एकदम सगळीकडे सोडू नये. यूपीआयची घोषणा एप्रिलमध्ये २१ बँकांच्या चाचणीसह झाली आणि बँकांची अ‍ॅप लोकांपुढे ऑगस्टच्या अखेरीस येऊ लागली. आपल्या संघाने पाच केंद्रांपासून आरंभ करावा. त्यांत एक वारंवार लाइट जाणारे, एक भरपूर दुधाचे आणि एक संगणकाला बिचकणाऱ्या सचिवाचे असावे. पूर्ण दोन बिले होईपर्यंत वही बंद करायला सांगू नये. तिसऱ्या बिलाला सचिवाने ती स्वतःहून खणात ठेवली, तरच पुढच्या पन्नास केंद्रांकडे वळावे. पूर्वीच्या आवृत्तीवर परतण्याची सोय चाचणीच्या आधीच करून, एकदा प्रत्यक्ष परतून पाहावी.

फीचर काढून टाकणे हेही धोरणाचेच काम आहे. यूपीआयमध्ये एका व्यक्तीने दुसऱ्याकडे पैशाची मागणी पाठवण्याची सोय होती. ठगांनी तिचा गैरवापर केला. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगून लोकांकडून पैसे काढून घेतले जाऊ लागले. व्यक्ती-व्यक्तींमधील ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. प्रामाणिकपणे ती वापरणारे लोकही होते, आणि तरीही ती गेली. आपल्या उत्पादनात दर सहा महिन्यांनी अशी एखादी गोष्ट शोधावी, ती वापरणाऱ्यांना स्वतः फोन करावा, पर्याय द्यावा, मुदत सांगावी आणि त्या मुदतीला ती काढावी.

शेवटी, हे सगळे बसते आहे का, हे पाहण्यासाठी दिवाळीत दहा दिवसांची रजा घ्यावी आणि फोन खरोखर बंद ठेवावा. परतल्यावर दोन याद्या मागाव्यात: आपल्याविना घेतलेले निर्णय आणि आपल्यासाठी थांबलेले निर्णय. पहिल्या यादीतील एखादा निर्णय आपण वेगळा घेतला असता असे वाटले, तरी तो पानाशी सुसंगत असेल तर उलटवू नये. दुसऱ्या यादीतील प्रत्येक निर्णयापुढे तो का थांबला हे लिहावे. बहुतेक ठिकाणी असे आढळेल की पानावरचे एखादे वाक्य दोन अर्थांनी वाचता येत होते. त्याच दिवशी ते वाक्य दुरुस्त करावे, खाली तारीख घालावी आणि नवे पान संघाच्या ग्रुपवर पाठवावे.